फाल्गुनातली हिप्परगा फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाशिवरात्र झाली की आमचे फोन वाजू लागतात. "यंदा तळ्यावर कधी?" आमचा गट म्हणजे फार काही नाही. नाव नाही, नोंदणी नाही, छापलेले टी-शर्ट नाहीत. रविवारी पहाटे उठून तळ्यावर पक्षी बघायची खोड असलेली आठ-दहा सोलापूरकर माणसं, एवढंच. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. येण्याआधी वाचा, निदान चिखलाचा भाग तरी.

जायचं नेमकं कुठं?

एकरुख तलाव, म्हणजे आपल्या तोंडातलं हिप्परगा तळं. तुळजापूर रस्त्यानं शहर संपलं की थोड्या वेळात पाणी दिसायला लागतं. तळे हिप्परगा हे गावाचं नावच तळ्यावरून पडलेलं. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पुरं झालेलं हे मातीचं धरण दोन किलोमीटरहून लांब आहे. शहराला पाणी मिळतं ते उजनी धरणाची पाइपलाइन, भीमेकाठची टाकळी योजना आणि हे तळं या तिघांकडून. थोडक्यात, तुमच्या नळाला येणारं पाणी कुठं राहतं ते बघायला तुम्ही येताय.

हे अभयारण्य आहे का? तिकीट, परवानगी?

अभयारण्य नाही आणि तिकीटही नाही. कागदोपत्री तर ही पाणथळ जागासुद्धा नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत महाराष्ट्रातली तीन ठिकाणं आहेत: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. त्यातलं नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळंच तयार झालं, तेव्हा 'माणसानं बांधलेलं म्हणून खरं नाही' हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

पाट्या, कुंपण, रखवालदार नाहीत म्हणजे काहीही चालतं असं मात्र नाही. पाणी आणि तळ जलसंपदा खात्याचा, पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण, आणि काठावरच्या पिकाला त्याचा मालक. धरणाच्या भिंतीवर, गेटजवळ, पंपहाऊसपाशी जायचं नाही. तिथल्या माणसानं 'इकडं नको' म्हटलं की वाद न घालता मागं फिरायचं.

पक्षी तर थंडीत येतात. मग फाल्गुन-चैत्रात कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

पावसाळा चांगला झाला तर दिवाळीत तळं काठोकाठ भरलेलं असतं. दिसायला सुंदर, पण काठावर उभं राहून बघितलं तर मधोमध बदकांचे काळे ठिपके आणि बाकी नुसतं पाणी. खोल पाण्यात चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांचं काय काम? पुढं उन्हं चढतात, शहर पाणी पितं, कालवा शेतं पितो, उरलेलं वाफ होतं. पाणी हळूहळू मागं सरकतं आणि चारपाच महिने बुडालेला तळ उघडा पडतो. तो गाळ म्हणजे पंगत असते. किडे, अळ्या, शिंपले, गोगलगायी, कुजणारं शेवाळ, सगळं वाढून ठेवलेलं.

या पंगतीत पानं चोचीच्या लांबीनुसार मांडलेली असतात. चिमणीएवढा छोटा टिलवा ओल्या गाळावर पळत पळत वरवरचं टिपतो. तुतारी पाण्याच्या रेषेवर शेपूट हलवत फिरते. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात, तर मालगुजा लांब चोच मुळापर्यंत गाळात खुपसून डोळ्यांपर्यंत चिखल माखून घेतो. पाणी रोज थोडं मागं जातं, म्हणून रोज ताजा गाळ. परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास करायचा तर अंगावर चरबी हवी, ती इथंच चढते. आणि निघण्यापूर्वी अनेकांचा रंग बदलतो. हिवाळाभर मळकट राखाडी दिसणारा मालगुजा मार्चच्या अखेरीस मान-छातीवर विटकरी होऊ लागतो. पिवळा धोबी तर हळदीत बुडवून काढल्यासारखा. डिसेंबरात येणारे हौशी लोक हे बघतच नाहीत.

तर आमच्या दृष्टीनं तळं भरतं तेव्हा नाही, ओसरतं तेव्हा जिवंत होतं. अर्थात याला हद्द आहे. पार आटलं तर कुणालाच काही उरत नाही, पक्ष्यालाही आणि आपल्यालाही.

वाट किती लांब आहे? नकाशा मिळेल का?

जाऊन-येऊन साधारण सहा किलोमीटर, तीन तास, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी थांबतं. चढ नाही. कोजागरीला रात्रभर तुळजापूरला चालत जाणारा सोलापूरकर मला विचारतो, "सहा किलोमीटर लांब नाही का?"

नकाशा देऊन उपयोग नाही. आम्ही चालतो ती वाट पाण्याच्या काठाकाठानं जाते आणि काठ दर आठवड्याला बदलतो. गेल्या रविवारी जिथं टिबुकल्या बुड्या मारत होत्या तिथं या रविवारी आपण उभे असतो. म्हणून ठिकाण ठरलेलं, वाट ठरलेली नाही. पाण्यापासून शंभरेक पावलं अंतर राखून चालायचं, एवढा एकच नियम कायम.

किती वाजता?

मार्चच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. आपण सव्वासहाला तळ्यावर हवं. नऊला परत. साडेनऊनंतर उघड्या गाळावरून वाफा उठायला लागतात, दुर्बिणीत सगळे पक्षी थरथरताना दिसतात, आणि मग माणसंही थरथरायला लागतात. उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. मागं एकदा थांबलो होतो, ते गृहस्थ पावणेआठला आले आणि म्हणाले, "झालं पण?"

काय घालायचं, काय आणायचं?

मळके रंग. पांढरा शर्ट आणि लाल टोपी बघून चक्रवाक सगळ्यात आधी ओरडतो आणि त्याच्यामागं अख्खं तळं उडतं. जुने कॅनव्हासचे बूट, जे फेकून द्यायला हरकत नाही. गमबूट नको, गाळात ते तिथंच राहतात आणि पाय बाहेर येतो. चप्पल तर अजिबात नको.

सोलापुरी टॉवेल घ्या. हे गावाच्या अभिमानापोटी सांगत नाही. भिजवून डोक्या-मानेवर टाकला की तासभर गारवा धरतो, बसायला होतो, पाय पुसायला होतो. माणशी दोन लिटर पाणी. हातात काठी. ८ बाय ४२ ची दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर गटात तीन आहेत, आळीपाळीनं मिळतील.

गाळात पाय रुतला तर?

रुतणारच, प्रश्न किती एवढाच. वरून वाळलेला, भेगाळलेला काळा पापुद्रा घट्ट वाटतो आणि खाली लोणी असतं. भेगा रुंद आणि कोरड्या असतील तर बहुतेक वेळा माती भार घेते. वरचा थर चकाकत असेल, किंवा काठी टेकल्यावर हलत असेल, तर पुढं जायचं नाही. गुरांच्या खुरांचे ठसे जिथून गेलेत तिथून जा. म्हशीला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी पट्टकदंब नावाच्या हंसाचा फोटो नीट यावा म्हणून चार पावलं पुढं गेलो आणि मांडीपर्यंत आत गेलो. जितकी धडपड केली तितका खाली. कडेला मका काढणाऱ्या एका मावशींनी कडब्याच्या दोन पेंढ्या फेकल्या आणि ओरडल्या, "आडवा हो की रं! उभा कशाला ऱ्हातोस?" तेच बरोबर होतं. अंगाचा भार पसरायचा, पेंढ्यांवर छाती टाकायची, एकेक पाय हळूहळू फिरवत सोडवायचा. बाहेर आलो, एक बूट अजून तिथंच आहे. फोटो हललेला आला.

कोणते पक्षी दिसतील?

हमी कशाचीच नाही, पण रिकाम्या हातानं कुणी परतलेलं आठवत नाही. मराठी नावं सांगतो, कारण ती लक्षात राहतात.

वारकरी: काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, आणि दिंडीसारखे थव्यानं पोहणारे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं या पक्ष्याची ओळख करून द्यायला लागू नये. हळदी-कुंकू बदक: काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन बाजूंना कुंकू. हे इथंच राहतं, बारा महिने. थापट्याची चोच उलथण्यासारखी. चक्रवाक नारिंगी, संस्कृत काव्यात रात्रभर जोडीदारापासून विरह सोसणारा तो हाच, आमच्या तळ्यावर मात्र कायम जोडीनं भांडताना दिसतो. चित्रबलाक, चमचा, पांढरा आणि काळा शराटी, राखी बगळा, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, तिचे लाल पाय बघून लहान मुलं हटकून हसतात. वर घिरट्या घालणारा दलदल भोवत्या आला की सगळे एकदम गप्प होतात, पक्षी आणि आम्हीही.

पट्टकदंब हा आमचा पाहुणा नंबर एक. डोक्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटकडं वीण करणारा हा हंस हिमालय ओलांडतो. उडताना ७,००० मीटरहून जास्त उंचीवर त्याची नोंद झाली आहे. पण मार्चचा मध्य उलटला की तो सापडणं नशिबाचं. त्याच्यासाठी यायचं असेल तर फाल्गुनाच्या सुरुवातीला या.

भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे तळ्यावर दिसतात का?

संध्याकाळी दिसतात. दिवसभर ज्वारीत नाहीतर पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर, आणि दिवस कलला की बाभळीत, पाणकणसात मुक्कामाला. हजारोंनी एकदम वळतात तेव्हा आभाळात कुणी काळी ओढणी झटकल्यासारखं होतं. शेतकऱ्याला विचाराल तर तो गोफण दाखवील, कणसं फस्त करणाऱ्याचं कौतुक त्यानं का करावं? पण याच भोरड्या टोळ-नाकतोडेही खातात, हे त्याला आम्ही सांगतो. तो ऐकून घेतो आणि गोफण खाली ठेवत नाही.

फ्लेमिंगो?

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचाच असेल तर उजनी. भीमेवरच्या उजनी धरणाचा साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं तळाचं पाणी. उपयुक्त पाणी संपलं की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते, आपल्या काळजात धस्स होतं, आणि नेमकं तेव्हा उथळ झालेल्या फुगवट्यावर रोहितांची चैन असते. डोकं उलटं करून चोचीतून गाळ गाळत ते शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव वेचतात, गुलाबी रंग त्यातूनच येतो. सोलापूरहून भिगवणकडं दीडशेक किलोमीटर. तिकडं कुंभारगाव, डिकसळला नावाडी मिळतात. वाटेत इंदापूर तालुक्यात पळसदेवला पाण्याबाहेर आलेलं पळसनाथाचं जुनं देऊळही बघून घ्या.

होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाही, मग नावाडी कितीही ओळखीचा असो. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यानं होडी उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यातल्या दुपारनंतरच्या वाऱ्याचा भरवसा नाही.

माळढोक दिसेल?

नाही. तो गवताळ माळाचा पक्षी, पाण्याचा नव्हे. त्याचं अभयारण्य नान्नजला, १९७९ पासून. तिथंही आता त्याचं दर्शन अतिदुर्मीळ झालंय. काळवीट बघायला जरूर जा, पण तो वेगळा रविवार.

साप असतात का?

असतात. पाण्याकाठी बहुधा पाणदिवड, बिनविषारी पण तापट. बांधाच्या दगडांत आणि वाळल्या गवतात घोणस, फुरसं असू शकतं. दगड उलटायचे नाहीत, हात न दिसणाऱ्या जागी घालायचा नाही, काठी आपटत चालायचं. चावलाच तर चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका, करकचून बांधू नका. माणसाला स्वस्थ बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन आणि थेट सिव्हिल. मांत्रिकाकडं नेण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

काठावरच्या पिकातून जाता येईल?

ही गाळपेर. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन जलसंपदा खातं हंगामापुरती कसायला देतं, आणि त्यावर मका, काकडी, कलिंगड, जनावरांचा चारा निघतो. जमीन खात्याची असली तरी घाम त्या माणसाचा आहे. आधी हाक मारा, "मालक, इकडनं जाऊ का?" बहुतेक वेळा तो वाटच दाखवतो, वर काकडी हातात ठेवतो. न विचारता गेलात तर शिव्या मिळतील आणि त्या योग्य असतील.

फोटो काढले तर चालतील? ड्रोन?

फोटो काढा. ड्रोन नको, त्याला पक्षी घार समजतात.

खरी काळजी अंड्यांची. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मधोमध अंडी घालते. घरटं असं काही नसतंच. अंड्यांचा रंग मातीत इतका मिसळतो की पाय पडल्यावर कळतं. टिटवी डोक्यावर येऊन 'टिटीव-टिटीव' करत सूर मारायला लागली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, आल्या पावली मागं फिरा. आपल्याकडं टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात. तिच्या बाजूनं विचार केला तर आपलं येणं अशुभ. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असंही जुने लोक सांगतात. मी तीन वर्षं ताळा बघितला, जमला नाही, पण दर वर्षी बघतो.

पाणी मधेच वाढतं का?

वाढू शकतं. एकरुख उपसा सिंचन योजनेतून उजनीचं पाणी या तळ्यात सोडलं जातं. तसं पाणी आलं की भर उन्हाळ्यात काठ पुढं सरकतो. माणसाला धोका होईल असा लोंढा नसतो, पण वाट बुडते आणि पाण्यालगतची अंडीही.

पोहायचं का?

नाही. कारण पाणी घाण आहे हे नव्हे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली तेव्हापासून तळ्यातळ्यांतून गाळ उपसला जातोय. शेताला ते सोनं, पण मागं राहिलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून दोन पावलांवर माणूस बुडेल एवढं खोल. शिवाय मासेमारीची जाळी. चिलापी पकडायला लावलेल्या बारीक नायलॉनमध्ये पाय अडकला तर पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

मुलं, आजी-आजोबा, कुत्रा?

मुलं आठ वर्षांपुढची. आजी-आजोबांचं स्वागत, आमच्यातले सर्वांत जास्त नावं ओळखणारे आजोबा शहात्तर वर्षांचे आहेत, ते काठावर खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही तीन तास चालून जे बघतो त्याहून चार पक्षी जास्त सांगतात. कुत्रा घरी.

नाश्त्याचं काय?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चालताना चुरा होत नाही, उन्हात खराब होत नाही, आणि वर दही आणणारा एकजण दर वेळी निघतोच. प्लास्टिकच्या पिशव्यांतले वेफर्स आणणाऱ्याला परत जाताना सगळ्यांचा कचरा वाहावा लागतो. शिक्षा नाही, पद्धत आहे.

पाडव्यानंतर आलो तर?

या, पण पहाटे लवकर आणि आठला परत. पारा चाळिशीकडं गेलेला असतो. पाहुणे बहुतेक गेलेले, घरचे मात्र भेटतात: शेकाटे, टिटव्या, खंड्या, पाण्यावरून तिरका सूर मारणारा नदी सुरय.

पुढची फेरी कधी आणि कुठून सुरू?

येत्या रविवारी. कुठून ते आत्ता सांगता येत नाही. शनिवारी संध्याकाळी आमच्यातलं कुणीतरी गाडीवर जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून येतं, मग फोन करतो.